न उघडलेली फाईल

सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये निवेदिता रिपोर्ट टाईप करायची. तिला एक वाईट खोड होती. तयार रिपोर्ट बघायला ती फाईल उघडतच नसे. फाईल उघडणारं सॉफ्टवेअर सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यापेक्षा फोल्डरमध्ये नावावर एक क्लिक केलं की उजवीकडच्या चौकटीत रिपोर्ट आपोआप दिसे. जीव टांगणीला लागलेली माणसं समोर बसलेली असत. डॉक्टरीणबाईंची सही संध्याकाळी होई, पण निवेदिता चौकटीत डोकावून आधीच सांगून टाकी. माणसं तोंडभर आशीर्वाद देत, आणि आशीर्वादाची चटक लागली की माणूस घाई करतो.

दुपारी मंद्रूपचे रामहरी बायकोला घेऊन आले. मुक्ताबाईंच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता.

"ताई, काय आलंय का बघा की. दोन महिनं मला घास गिळंना झालाय," रामहरी म्हणाले.

निवेदिताने क्लिक केलं. वर मुक्ताबाईंचं नाव, खाली कॅन्सर नसल्याची ओळ.

"काही नाही हो मामा, साधी गाठ आहे. निवांत जा."

रामहरींनी चक्क कॉम्प्युटरला हात जोडले.

चार वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुक्ताबाईंचा निकाल आत्ता भरला. कॅन्सर आहे. बोलावून घे त्यांना."

निवेदिताला आठवलं. नवी फाईल कोण करत बसणार, म्हणून सकाळी तिनेच एका जुन्या पेशंटची फाईल कॉपी करून वरचं नाव तेवढं बदललं होतं. खालचा निकाल कुण्या बनाबाईचा होता. मुक्ताबाईंचा तेव्हा लिहिलाच गेला नव्हता. फाईल उघडली असती तर शेवटी बनाबाईच्या रिपोर्टची जुनी तारीख दिसली असती; चौकटीत तेवढं खालचं दिसत नव्हतं.

"मी त्यांना साधी गाठ म्हणून सांगितलंय, मॅडम. आता खरंही मीच सांगते," ती रडवेल्या आवाजात म्हणाली आणि फोन लावला.

दोघं अजून स्टँडवरच होती. "येतो की! तुमचं पेढं द्यायचंच ऱ्हायलं," रामहरी म्हणाले.

मुक्ताबाई आधी आत आल्या. रामहरी दारात चपला काढत होते. निवेदिताने हात धरून, हळू आवाजात, सगळं सांगितलं. स्वतःची चूकसुद्धा. मुक्ताबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

"उपाय हाय का?"

"आहे. पण लगेच सुरू करायला हवा."

"मग उद्या सकाळी दोघं येतो. त्यास्नी आता सांगू नगंस, पोरी. आज लई दिसांनी पोटभर जेवल्यात. घरी गेल्यावर मी सांगीन."

रामहरी पुडा सोडतच आत आले. "कशापायी बोलावलं, ताई?"

"सही ऱ्हायली व्हती," मुक्ताबाईंनीच उत्तर दिलं.

"एवढंच व्हय? घ्या, तोंड गोड करा."

मुक्ताबाईंनी पुड्यातला एक पेढा उचलला आणि आपल्या हाताने निवेदिताच्या तोंडात घातला.