बांधून ठेवलेला बस्ता

वडवणीत पहिलं ऑनलाइन दुकान मी काढलं, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. कुणाच्या ओट्यावर काढलं, ते कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

ओटा रेवणसिद्ध आप्पांचा. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, बापजाद्यांपासूनचं. ओट्याच्या कोपऱ्यात मशीन घेऊन बसणारा म्हातारा टेलर वारला आणि जागा मोकळी झाली. साल दोन हजार बारा. मी बीडला कॉम्प्युटरचा कोर्स करून घरी माश्या मारत होतो. आप्पा म्हणाले, बस इथं, आणि स्वतःच्या मीटरवरून मला वायर ओढून दिली. मी एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि ‘बंकट ऑनलाइन’ अशी पाटी लावली. लोकांनी पडद्यावरच्या फोटोवर बोट ठेवायचं, मी ऑर्डर टाकायची, एसटीने बीडला जाऊन पार्सल उचलून आणायचं, आणि माल हातात पडला की लोकांनी पैसे द्यायचे. बूट आणि घड्याळांवर धंदा सुरू झाला. आप्पा येईल त्याला कौतुकाने सांगायचे, आमच्या बंकटकडं थेट दिल्लीचा माल येतो.

साड्यांची ऑर्डर घ्यायची नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. खाल्ल्या मिठाला जागावं, एवढी अक्कल मला होती. ती अर्जुनरावांच्या पोरीच्या लग्नापर्यंत टिकली.

अर्जुनराव दिंद्रुडचे. जमीन बख्खळ, पुढारपण त्याहून बख्खळ. त्यांच्या घरातलं प्रत्येक लग्न ठरलं की बस्ता, म्हणजे लग्नाची कापडं, आप्पांच्या दुकानातून जायचा. आणि त्यांच्या घराची एक रीत होती. ज्याने बस्ता दिला त्याचं नाव भर मांडवात पुकारून त्याला टॉवेल-टोपी द्यायची. अर्जुनरावांच्या लग्नात ती आप्पांच्या वडिलांना मिळाली होती. ही गोष्ट सांगितल्याशिवाय आप्पा गिऱ्हाइकाला चहा पाजत नसत.

अर्जुनरावांची बायको केशरबाई, नवरी मुलगी स्वप्नाली आणि सात-आठ बाया जीप भरून आल्या. आप्पांचे गुडघे गेलेले, तरी गादीवरून उठून उठून ते फळीवरचा माल काढत होते. साठ-सत्तर साड्यांच्या तरी घड्या मोडल्या असतील. शेवटी पाच साड्या पसंत पडल्या, त्यात नवरीचा शालू डाळिंबी. बाजाराच्या दिवशी येऊन नेतो, असं केशरबाई म्हणाल्या. आप्पांनी पाचही साड्या पांढऱ्या फडक्यात ठेवल्या, हळदी-कुंकवाचं बोट लावलं आणि गाठ मारली. एकदा बांधलेल्या बस्त्याची गाठ दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी सोडायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम.

बाया जीपमध्ये बसत होत्या तेवढ्यात स्वप्नाली माझ्याकडे आली. तिच्या मोबाइलमध्ये त्या साड्यांचे फोटो होते. हेच ऑनलाइन मिळेल का, तिने हळूच विचारलं. स्वस्त पडेल, आणि मैत्रिणींत सांगायलाही बरं. मी शोधलं. चार साड्या सापडल्या, शालू सापडेना. त्यासाठी खोक्यावरचा नंबर पाहिजे होता.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने दुकानात गेलो. आप्पा दमून भिंतीला टेकले होते. शालू लई भारी होता, म्हणालो. म्हातारा खुलला. स्वतः उठला, रिकामा खोका आणला आणि माझ्या हातात दिला, की बघ कुठल्या गावचा माल हाय. मी बघितलं. दाराकडे वळून नंबर तळहातावर लिहून घेतला.

बाजाराचा दिवस आला आणि गेला. आप्पा रस्त्याकडे डोळे लावून बसले. पुढच्या बाजारी एका मास्तरांच्या घरच्यांना डाळिंबीच शालू हवा होता. तसा एकच होता, तो बांधलेला. आप्पांनी हात जोडून त्यांना परत पाठवलं. मी चार हातांवर बसून सगळं ऐकत होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर त्यांचा माल खपला असता. मी कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. बाकी सगळं मी स्वतःला एक वेळ माफ करतो, हे नाही.

लग्नाला पाच दिवस उरले तेव्हा पार्सल आलं. दिंद्रुडला जाऊन सगळ्यांसमोर फोडलं. चार साड्या ठीक होत्या. शालू काळा निघाला. केशरबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरीच्या अंगावर काळं! परत पाठवून दुसरा यायला दोन आठवडे लागणार होते. अर्जुनराव आवाज न चढवता म्हणाले, काहीही कर, पण ऑनलाइनची फजिती झाली हे पाव्हण्यांत कळता कामा नये. पोरीचा बस्ता ऑनलाइन येतोय, असं गावभर त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

परतीच्या वाटेवर मी नाही नाही ती वाक्यं जुळवली. आप्पांपुढे उभा राहिलो आणि एकही आठवेना. अर्जुनरावांचा बस्ता, एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी माळ्यावरून गाठोडं काढलं, धूळ झटकली आणि माझ्या हातात ठेवलं.

"ने. गाठ सोडली न्हाई मी."

"आप्पा, माजं चुकलं."

"तू हातावर नंबर लिवलास, तवाच बगितलं व्हतं," ते म्हणाले. "वाटलं, ईल पोरगं सांगायला."

लग्नाची पत्रिका आप्पांनाही होती. आम्ही एकाच एसटीने गेलो. त्यांच्या कपाळाला भस्म, कडक धोतर, पण डोक्यावर टोपी नाही. मी त्यांना कधी बोडकं पाहिलं नव्हतं. टोपी मिळणार तर डोकं मोकळं असावं, म्हणून ती घरी ठेवून आले होते, हे मला मांडवात बसल्यावर कळलं.

अक्षता पडल्या. डाळिंबी शालू नवरीला शोभून दिसत होता. मग मानाची नावं पुकारायला सुरुवात झाली. माइकवाला म्हणाला, आपल्या भागात पहिल्यांदाच ऑनलाइन बस्ता घडवून आणणारे बंकट यांनी पुढे यावं.

मी हललो नाही. आप्पांनी मला कोपराने ढोसलं.

"ऊठ बे. नाव पुकारलं तुजं."

माइक हातभर अंतरावर होता. खरं काय ते दोन शब्दांत सांगता आलं असतं. मी मान खाली घालून टोपी घालून घेतली. टाळ्या पडल्या. आप्पाही वाजवत होते. जागेवर परतलो तर त्यांनी खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला होता. मी टोपी काढून त्यांच्यापुढे धरली. राहू दे, म्हणाले, माज्या मापाची न्हाई ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आपली जुनी टोपी घालून दुकानात आले. आज ते मीटरवरची माझी वायर तोडणार, म्हणून मी दिवसभर वाट बघितली. त्यांनी तोडली नाही. तोडली असती तर मी सुटलो असतो.