माझ्या काचेवरचे हात

मित्रांनो, माझं झाकण बिनधास्त उचला, ते चावत नाही. आत एक काच दिसेल आणि तिच्या कोपऱ्यात एक बारीक ओरखडा. तो कसा पडला ते सांगेनच. मी आहे एक स्कॅनर, आणि जुना म्हणजे चांगलाच जुना. माझं काम तसं सोपं. एखादा कागद माझ्या काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं आणि बटण दाबायचं. मग माझ्या पोटातला दिवा काचेखालून सावकाश सरकत जातो आणि वर जे काही दिसेल ते संगणकाला जसंच्या तसं सांगतो. पदरचं काही घालत नाही आणि लपवतही नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी काच बसवली, तीही श्वास रोखून. आत धुळीचा एक कण जरी गेला असता तरी जन्मभर प्रत्येक चित्रात ठिपका उमटला असता. त्या बाई मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत. पण आज माझ्या चित्रांचं कुणी कौतुक केलं की मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण येते.

तिथून मी आलो तो थेट आमच्या ताईच्या खोलीत. ताई पुस्तकांची मुखपृष्ठं करते. मी तिला ताई म्हणतो आणि तिच्या नवऱ्याला भाऊजी. त्यांना ते ठाऊक नाही, पण नातं मानलं की झालं. खोली जिन्याला लागून आहे, एका खिडकीची. टेबलावर रंगांच्या पिळून चपट्या झालेल्या नळ्या, कागद कापायची सुरी आणि कायम हरवलेली पट्टी. भिंतीवर तिनं केलेली मुखपृष्ठं टाचलेली असतात. जी फसली तीही असतात, दाराच्या मागे.

ताईची कामाची पद्धत ऐका. आधी ती लेखकाचं हस्तलिखित पूर्ण वाचते. मग काहीच करत नाही. खिडकीशी उभी राहते, नखं खाते, भांडी घासते. भाऊजी म्हणतात, "हिला पुस्तक चढलंय, आज बोलू नका." आणि मग अचानक ती कुठून तरी एखादी वस्तू घेऊन येते आणि माझ्या काचेवर ठेवते. चुरगाळून सरळ केलेला कागद, गोणपाटाचा तुकडा, काडेपेटीची घासून झिजलेली बाजू, चहाच्या कपाचा गोल डाग. घर सोडून निघून गेलेल्या माणसाची गोष्ट होती, तिच्यासाठी तिनं एक झिजलेला बूटच आणून ठेवला. माझं झाकण लागेना. बुटाच्या तळाला खिळा होता, हे तिला नंतर कळलं आणि मला लगेच कळलं. तोच तो ओरखडा. पण मुखपृष्ठ असं झालं की लेखकानं ते हातात घेतलं आणि आधी स्वतःच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. त्या ओरखड्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

ताईला हे सगळं शिकवलं कुणी? कुणा एकानं नाही. ती इंटरनेटवर शिकली. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी अक्षरांची सुंदर वळणं तयार करून सगळ्यांसाठी ठेवून दिली होती. पुस्तकाचा कणा किती जाड धरायचा, हे कुणीतरी चित्रं काढून समजावून सांगितलं होतं. नव्या लेखकांनी प्रश्न विचारायचे आणि जुन्या जाणत्यांनी न कंटाळता उत्तरं द्यायची, अशी पानंच्या पानं होती. ताई वाचायची आणि म्हणायची, "काय माणसं आहेत ही! ओळख ना पाळख, आणि एवढं देतात." मला त्या माणसांचं आजही नवल वाटतं.

मग एक दिवस तिनं ठरवलं की आपणही द्यायचं. माझ्या काचेवरून उतरलेले सगळे कागद, कापडं, पोपडे, डाग तिनं एका संकेतस्थळावर मांडले. लेखकांनो, चित्रकारांनो, हवं ते घ्या आणि वापरा! लोक घेऊ लागले आणि आभाराचे निरोप धाडू लागले. कुणी आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला माझं गोणपाट लावलं, कुणी नाटकाच्या जाहिरातीला माझा चहाचा डाग. ताई ते निरोप मोठ्यानं वाचायची आणि माझी छाती फुगायची. मला छाती नाही, पण झाकण आहे.

दिवस मात्र सारखे राहत नाहीत. ताईनं चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला. तो पापणी लवते तोवर चित्र काढायचा. माझा दिवा जागेवरून हलेपर्यंत त्याची दहा चित्रं काढून झालेली असायची. नंतर नवा संगणक आला, आणि त्यानं मला ओळखच दाखवली नाही. तार जोडली तरी त्याचं आपलं एकच, असं कुठलंही यंत्र सापडत नाही. मी समोर बसलेला असताना!

मग माझ्यावर फायली चढल्या, फायलींवर कुंडी चढली. भाऊजींना पसाऱ्याचं वावडं आहे. ते येता-जाता म्हणायचे, "हे धूड एकदाचं मोडीत दे ना." ताई "हो, हो" म्हणायची. शेवटी तिनं खरोखरच मला उचलून दाराशी ठेवलं. मला राग नाही आला. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

आणि नेमकी तेव्हाच आत्या आली.

आत्या म्हणजे ताईची आत्या. ती आयुष्यभर कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. तिथली भाषा हातांची, त्यामुळे तिला तोंडानं बोलतानाही हात लागतात. तिच्या हातात भरलेला कप दिला की ती निम्मी गप्प होते. निवृत्त झाल्यावर तिनं आपल्या विद्यार्थ्यांवर पुस्तक लिहिलं. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरणार होता आणि तिथे प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक द्यायचं, हा तिचा ध्यास होता. मुखपृष्ठ अर्थातच ताई करणार. ताईनं इंटरनेटवरच्या मोफत चित्रांमधून दोन हात निवडले. गोरे, गुळगुळीत, एकमेकांवर हलके टेकलेले. आत्या बघून "छान आहे गं" म्हणाली होती, पण तिचे हात मांडीवरच राहिले होते. ते ताईच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चित्र छापखान्यात जायचं होतं. आणि आदल्या दुपारीच आत्या दारात उभी. चपला काढता काढता म्हणाली, "काल औषधाच्या दुकानात गेले होते. तिथे माझं पुस्तक लावलंय."

"तुझं पुस्तक? अजून छापलं कुठे?" ताई म्हणाली.

"तेच हात गं. भिंतीएवढे. आणि खाली लिहिलंय, भेगांवर खात्रीचं मलम."

भाऊजींना हसू फुटलं. ताईनं मात्र कपाळावर हात मारला. ते चित्र मोफत होतं, म्हणजे ते जसं तिचं होतं तसंच मलमवाल्याचंही होतं. स्वतः इतकी वर्षं सगळ्या जगाला वाटत आलेली बाई, आणि नेमकी हीच गोष्ट विसरली! आणखी कुणी ते चित्र वापरलंय का, हे एकदा शोधून बघायचं असतं. ते तिनं बघितलंच नव्हतं.

आत्या खुर्चीत बसली. "मलमाचं जाऊ दे. मी आधीच बोलायला हवं होतं. ते हात सुंदर आहेत, पण ते काही बोलत नाहीत. माझी मुलं पुस्तक घेतल्यावर सगळ्यात आधी हातच बघणार. त्यांना मी मुके हात देऊ? त्यापेक्षा पुस्तक नको छापायला."

"आत्या, असं काय बोलतेस?"

"खरं तेच बोलतेय. नकोच."

ताईनं डोळे पुसले आणि मोबाइल काढला. "तुझेच हात लावू. चल, बोल काहीतरी." आत्या हातांनी बोलू लागली, मोबाइल टकाटक चित्रं काढू लागला. काय सांगू, एका चित्रात आत्या माशी हाकलत होती, दुसऱ्यात रहदारी थांबवत होती! आत्यानं ती पाहिली आणि मान हलवली. "हे सगळे अर्धे शब्द आहेत गं. आमचा शब्द हलतो. थांबवला की तो शब्दच राहत नाही."

ताई खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारू लागली आणि दाराशी मला ठेचकाळली. पायाचं बोट धरून वाकली, आणि मग वाकलेलीच राहिली. माझ्याकडे बघत.

मला पुन्हा टेबलावर घेतलं, पण नवा संगणक ओळख द्यायला तयार कुठे होता? ताई इंटरनेटवर शोधू लागली. आणि सापडलं, मित्रांनो! कुठल्याशा दूरच्या गावी राहणाऱ्या एका माणसानं माझ्यासारख्या विसरलेल्या यंत्रांसाठी एक छोटीशी आज्ञावली लिहून सगळ्यांसाठी ठेवली होती. सोबत एक ओळ होती: तुमचं यंत्र बिघडलेलं नाही, ते फक्त एकटं पडलंय. त्या भल्या माणसानं मला कधी पाहिलेलं नाही. तरी त्यानंच मला जिवंत केलं. माझा दिवा लागला तेव्हा भाऊजीही म्हणाले, "अरे वा!"

पडदे ओढले. माझं झाकण उघडंच ठेवलं आणि आत्याच्या हातांवर काळं कापड धरून भाऊजी उभे राहिले. मला मोडीत काढायला निघालेले भाऊजी! आत्यानं माझ्या काचेवर हात ठेवले. इतक्या वस्तू माझ्यावर आल्या आणि गेल्या, पण असं काही कधी आलं नव्हतं. सुरकुतलेले, ऊबदार हात होते ते. फुगलेल्या शिरा, खडूनं कोरडी झालेली बोटांची टोकं. मी निघालो सावकाश.

चित्र उमटलं तर हातांच्या कडा लाटांसारख्या वाकड्यातिकड्या. आत्याचे हात थरथरत होते. "पुन्हा," ताई म्हणाली. पुन्हा तेच. आत्यानं श्वास रोखला, दात आवळले, तरीही तेच.

"वय झालं गं. आता ऐकत नाहीत हात," असं म्हणून तिनं ते पदराखाली घेतले. सगळी शाळा त्या हातांवर वाढली होती आणि आज तिला त्यांची लाज वाटत होती. ते मला बघवेना. पण मी तर जसंच्या तसं सांगणारा. करू तरी काय?

ताई मात्र पडद्यावरच्या त्या लाटांकडे टक लावून बघत होती. एकदम म्हणाली, "आत्या, तू थांबूच नकोस. बोल. मुलं पहिल्या दिवशी आली की कुठला शब्द शिकवायचीस?"

"पुस्तक," आत्या म्हणाली.

"मग तेच बोल. याच्या दिव्याबरोबर, सावकाश."

त्या शाळेच्या भाषेत पुस्तक म्हणायचं तर दोन्ही तळवे जोडायचे आणि करंगळ्या एकमेकींना चिकटलेल्या ठेवून उघडायचे. आत्यानं जोडलेले हात करंगळ्यांच्या बाजूनं काचेवर टेकवले. मी मनगटापासून निघालो. मी पुढे सरकू लागलो तसे ते हात उघडू लागले. मी तळव्यांखाली होतो तेव्हा ते अर्धे उघडले होते, बोटांच्या टोकांशी पोचलो तेव्हा पूर्ण. तो मोबाइल एका क्षणाचा मालक. मला वेळ लागतो, आणि त्या वेळात एक अख्खा शब्द मावला. चित्रात खाली मिटलेली मनगटं होती आणि वर उघडलेले हात. कडांना तो थरथराट, बारीक लहरींसारखा. आत्यानं चित्र पाहिलं आणि मघाशी पदराखाली लपवलेले तेच हात गालांवर ठेवले. "बोलतायत," ती म्हणाली. भाऊजी कापड धरून तसेच उभे होते. ते खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नाही.

आता माझी जागा टेबलावर आहे, खिडकीच्या बाजूला. कुंडीला वेगळं स्टूल मिळालं. आत्याचे विद्यार्थी सवडीनं येतात, माझ्या काचेवर आपापले शब्द बोलतात आणि ताई ते संकेतस्थळावर ठेवते. कुणा लेखकाला, कुणा चित्रकाराला हात हवे असतील तर निदान बोलणारे मिळावेत म्हणून. मित्रांनो, माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. माझी काच मऊ कापडानं पुसा आणि माझ्यावर ओलं काही ठेवू नका. इंटरनेटवरून जे घ्याल ते देणाऱ्याची आठवण ठेवून घ्या, आणि जमेल तेव्हा आपलंही काही तिथे ठेवा. आणि घरात कुणी सावकाश चालत असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला दाराशी नेऊन ठेवण्याआधी थोडं थांबा.

पण पुस्तक छापून आलं त्या सकाळचं सांगायचं राहिलंच. गठ्ठे मेळाव्याला न्यायला आत्याचा सगळ्यात पहिला विद्यार्थी आला होता. आता तो शिंपी आहे, केस पांढरे झालेले. आत्यानं त्याला पहिली प्रत दिली. त्यानं ती उघडली नाही. मुखपृष्ठावरच्या त्या लहरींवरून एक बोट फिरवलं, खालून वर, अगदी माझ्या दिव्याच्या चालीनं. मग पुस्तक काखेत धरून तो हातांनी काहीतरी बोलला. आत्या हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"काय म्हणाले गं ते?" ताईनं विचारलं.

आत्यानं डोळे टिपले. "म्हणतो, बाई, तुमचा आवाज अजून तसाच आहे."