माझ्या पाठीमागे धूळ नव्हती

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, आणि मी आयुष्यात एकदाही टीव्ही पाहिलेला नाही. हसू नका. तुम्ही पाहता ती चित्रं माझ्या तोंडावर उमटतात, आणि स्वतःचं तोंड स्वतःला कुठे दिसतं? मला आवाज तेवढा ऐकू येतो. बाकी मी पाहत आलो ते समोर बसलेल्या माणसांना. लोकांना वाटतं, ते मला पाहतात. प्रत्यक्षात मीच त्यांना पाहत असतो, आणि इतकी वर्षं झाली तरी माझं नवल काही संपत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं पांढरे हातमोजे आणि थर्माकोल यापलीकडे मला काही आठवत नाही. मग पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानात मी भिंतीवर लागलो. माझी भावंडं आजूबाजूला, आणि सगळे मिळून एकच गाणं ओरडत होतो. तिथून मला जवळच्या विचुंबे गावातल्या बुधाजींनी घरी आणलं. त्यांचा धाकटा भाऊ जगन टेम्पो चालवत होता आणि मागे बुधाजींचा मुलगा प्रणित मला मिठी मारून बसला होता. तेव्हा तो शाळेत होता. रस्त्यात खड्डा आला की तो माझ्याऐवजी स्वतःचं डोकं पत्र्यावर आपटून घेई. मी त्याला तेव्हापासून ओळखतो.

काय ते दिवस होते! क्रिकेटचा सामना असला की अर्धं गाव माझ्यासमोर. "काय चित्र हाय, काय चित्र हाय," म्हणून लोक माझी वाहवा करायचे आणि मी फुशारून जायचो. पुढे बुधाजी गेले. शेतं गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या. आमच्याही घरावर मजला चढला आणि भाडेकरू आले. माझ्या उजव्या कोपऱ्यात एक काळी रेघ उमटली. रिमोटला रबरबँड लागला. जगन येता-जाता म्हणायचा, "वयनी, यो डबा भंगारात टाक." बुधाजींच्या पत्नी सोनाबाई मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर एका वाहिनीवर 'बांधावरचे दिवे' नावाची मालिका सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी. गोष्ट फार जुन्या काळातली, खाडीकाठच्या मिठागरांमधली. मिठागरावर राबणारा भिवा आणि मीठ नेणाऱ्या गलबतावरचा एक खलाशी, या दोघा तरुणांचा एकमेकांवर जीव जडतो. नवरा-बायकोचा असतो तसा. मित्रांनो, असं प्रेम जगात तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण त्या काळात त्याला चांगलं नाव नव्हतं, आणि वाईट नावं पुष्कळ होती.

सोनाबाईंनी मालिका लावली ती मिठागरासाठी. त्यांचं माहेर उरणकडचं, आणि माहेरी मिठागर. पहिल्याच दिवशी त्यांनी नटीला फैलावर घेतलं. "मिठात राबनाऱ्या बाईच्या टाचा कवा अशा गुलाबी असतान काय?"

वरच्या मजल्यावरच्या सुमतीबाईही खाली येऊन बसू लागल्या. त्या पुण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरचा टीव्ही त्यांच्या यजमानांच्या बातम्यांनी अडवलेला असे. सुमतीबाईंना मालिका नुसती पाहून चालत नसे, ती तपासावी लागे. कोणतं पात्र कसं घडलं, कुठे फसलं, याचा त्या दर शनिवारी निकाल लावत. सोनाबाई काही त्यांच्या विद्यार्थिनी नव्हत्या. त्यामुळे मालिका संपली की खरी मालिका सुरू होई, आणि ती मला दिसतही असे!

तिसऱ्या भागात भिवाच्या आईला, म्हणजे चांगुणाला, सगळं कळलं. तिने त्याला घराबाहेर काढलं. दार आपटल्याचा आवाज माझ्याच पोटातून निघाला.

"बरा केला तिना," सोनाबाई म्हणाल्या.

"पात्र ठाम लिहिलंय," सुमतीबाई म्हणाल्या. "त्या काळातल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय?"

सोनाबाईंची मुलगी मनस्वी उठून आत गेली आणि भांडी जोरजोरात आपटू लागली. सुमतीबाईंना वाटलं, मुलीला मालिका आवडत नसेल. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? त्या नव्याने राहायला आलेल्या. प्रणित कामासाठी बाहेर असतो, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं.

मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी प्रणित माझ्यासमोर उभा राहून आईशी बोलला होता. मी तेव्हा बंद होतो, म्हणून सगळं नीट ऐकू आलं. तो म्हणाला, "आये, मना लगीन नाय कराचा. माजा जीव दीपेशवं हाय. आमी दोगं एकत्र रावनार." तो दीपेश द्रोणागिरीच्या गोदामात त्याच्याबरोबर कामाला होता. सोनाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "मंग तिकडंच राव." तो गेला. ओव्याला खोली घेऊन राहिला. ओवे काही परदेशात नाही, विचुंब्याहून जवळच आहे, पण तीन वर्षांत एकदाही तो घरी आला नाही आणि एकदाही त्याला कुणी बोलावलं नाही.

तो गेला त्या दिवशी सोनाबाईंनी भिंतीवरचा त्याचा फोटो काढला आणि माझ्या पाठीमागे ठेवला, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, चला, मीही आता भंगार आणि हाही भंगार.

पण ऐका. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी सोनाबाई फडकं घेऊन "टीव्ही पुसते" म्हणायच्या. माझ्या तोंडावर बोटांचे ठसे तसेच राहायचे. मनस्वी हसायची, "आये, पुडून कोन पुसनार?" सोनाबाईंचा हात जायचा माझ्या मागे, आणि तिथेच राहायचा. पाठीला डोळे नसतात, पण स्पर्श कळतो. तीन वर्षांत माझ्या पाठीमागे धुळीचा कण साचला नाही. आणि ही बाई पुढे येऊन बसायची आणि चांगुणाने मुलाला हाकललं ते बरं केलं, असं म्हणायची! मित्रांनो, मी यंत्र आहे. माझं एक बटण दाबलं की एकच गोष्ट होते. एकाच माणसाचं तोंड एक बोलतं आणि हात दुसरंच करतो, हे पाहून मी थक्क व्हायचो.

मग मनस्वीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाइतकीच हळद मोठी. मांडव, जेवणं, नाच, आणि गावाच्या तोंडावर घरातल्या सगळ्या माणसांचे फोटो असलेला भलामोठा बॅनर. ज्याचा फोटो बॅनरवर नाही तो त्या घरचा नाही, असंच गाव धरून चालतं. मनस्वीने आईला स्पष्ट सांगितलं, "दादा नाय त हलद नाय. मी पाटावं बसनार नाय." सोनाबाई मांडवाच्या तयारीला लागल्या. आठवडे गेले. मांडववाला ठरला, आचारी ठरला. प्रणितचं नाव कुणी काढलं नाही.

आणि तो शनिवार आला. जगन बॅनरसाठी फोटो न्यायला आला होता. "वयनी, आज प्रेसला टाकाचा हाय," म्हणाला. "मालिका संपू दे," म्हणून सोनाबाईंनी त्याला बसवलं. सुमतीबाई नेहमीच्या खुर्चीत, मनस्वी उंबऱ्यात.

त्या भागात चांगुणा घरात एकटी होती. मला ऐकू आला तो भाकरी थापल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग तिचं रडणं. रडता रडता ती चुलीला सांगत होती, "पोर माजाच हाय गो. कसाबी असला तरी माजाच हाय." तेवढ्यावर भाग संपला आणि साबणाची जाहिरात लागली.

सुमतीबाईंनी चष्मा काढला. "नाही पटलं. इतके भाग दगडासारखी बसली आणि आज एकदम पाझर फुटला? लेखकाने घाई केली. माणूस असा एका संध्याकाळी बदलत नसतो."

"एका सांजला कुटं?" सोनाबाई एवढ्या जोरात बोलल्या की जगन दचकला. "पोर गेला तवापासून ती रोज एक भाकर झाकून ठेवते. तुमी पायला नाय? कुनासाठी ठेवते? कोंबड्यांसाठी? ती बदलली नाय सुमतीबाय. ती तवापासूनच तशी हाय. निसती बोलत नाय."

सुमतीबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी खरोखर विचार केला, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. "झाकलेली भाकरी माझ्या नजरेतून सुटली, हे मान्य," त्या हळूच म्हणाल्या. "पण मग मला तिचा जास्तच राग येतो, सोनाबाई. झाकलेली भाकरी त्या पोराला कशी दिसणार? तो खाडीपलीकडे. त्याच्या लेखी ती अजून दार आपटणारीच आई आहे. ती मनात कितीही बदलली, त्याला कोण सांगणार? चूल?"

सुमतीबाईंना आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. मी मात्र सोनाबाईंचा चेहरा पाहत होतो. मी किती चेहरे पाहिले असतील! विनोदावर हसणारे, शेवटच्या चेंडूला देव आठवणारे. पण असा चेहरा मी पाहिला नव्हता. आधी ओठ घट्ट मिटले, मग हनुवटी थरथरली, आणि मग त्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू? तीन वर्षं बंद असलेलं दार कुणी आतून उघडावं, तसं काहीसं.

त्या उठल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. हात माझ्या मागे गेला. प्रणितचा फोटो बाहेर आला, लख्ख.

"यो पन घे," त्या जगनला म्हणाल्या.

जगनने फोटो पाहिला, वहिनीकडे पाहिलं. "वयनी, लोक इचारतील."

"इचारू दे. ब्यानरवं घरातलीच मानसा असतान ना? मंग?"

मग त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "फोटो लय जुना हाय. मना फोन लावून दे गो," असं म्हणत त्यांनी मनस्वीपुढे हात केला. मनस्वीच्या हातातून फोन दोनदा निसटला. अखेर लागला. पलीकडे "हॅलो" ऐकू आलं, आणि माझ्या आतला दिवासुद्धा क्षणभर लुकलुकला असावा.

सोनाबाई घसा साफ करून म्हणाल्या, "मी बोलते. तुजं केस अजून बारीकच हान का वाडवलेस?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पुढचं सांगून टाकलं.

"ब्यानरला फोटो पायजे. हलदीचा. नवा पाठव." त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "आनी एकट्याचा नको. दोगांचा पाठव. दोगं या."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. माझ्या पोटातून आजवर हजारो रडणी निघाली असतील, पण हे माझ्यातून निघालेलं नव्हतं. मनस्वी आईला येऊन बिलगली. सुमतीबाई कधी सोनाबाईंकडे, कधी फोटोकडे पाहत राहिल्या. त्यांना सगळं समजलं तेव्हा त्यांनी पुढे होऊन सोनाबाईंचा हात धरला. त्या दिवशी त्यांनी निकाल लावला नाही.

बॅनर मी पाहिला नाही, मी घरातच होतो. पण ऐकलं. गावात कुजबुज झालीच. कुणीतरी जगनला मांडवात आडून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "माजा पुतन्या हाय तो. आनी बाजूला त्याचा जोडीदार. जेवलास का तू?" सुमतीबाई नंतर म्हणाल्या की हे पात्र फारच घाईने बदललं, आणि सगळे हसले. हळदीत प्रणितने बहिणीच्या गालाला हळद लावली, दीपेशने पाहुण्यांना वाढलं.

लग्नानंतर घरात नवा मोठा टीव्ही आला. मला भंगारात टाकायचं ठरत होतं. प्रणित म्हणाला, "आये, यो मी नेऊ?" पुन्हा टेम्पो, पुन्हा त्याची मिठी. आता मी ओव्याच्या खोलीत आहे. कोपऱ्यातली रेघ आता दोन बोटं रुंद झाली आहे, पण माझी काही तक्रार नाही.

मालिकेचा शेवटचा भाग सोनाबाईंनी मुद्दाम इथे येऊन पाहिला. पहिल्यांदाच आल्या होत्या. बसण्याआधी पदराचं टोक धरून त्यांनी सवयीने माझ्या पाठीमागे हात घातला. तिथे काहीच नव्हतं. हात थोडा वेळ तिथेच रेंगाळला.

"आये, काय शोदतेस?" प्रणितने विचारलं.

"काय नाय," त्या म्हणाल्या, आणि दोघांच्या मधे जाऊन बसल्या. त्या रात्री चांगुणा खाडीपलीकडे गेली की नाही, ते तुम्ही तुमच्या घरी पाहा. मला तर चांगुणा कधी दिसलीच नाही. मी सोनाबाई पाहिल्या आहेत.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूची एक विनंती ऐका. आम्हाला सांभाळा, आमच्यावर ओलं फडकं मारू नका, रेघ उमटली म्हणून लगेच फेकू नका. आणि कुणासाठी भाकरी झाकून ठेवली असेल, तर तुमच्या लाडक्या माणसाला हाक मारून तसं सांगा. त्याला ती झाकण काढल्याशिवाय दिसत नाही. आणि हो, पुसायला आलात तर कधी पुढूनही पुसा. तोंडावर ठसे असले की समोरची माणसं मला जरा धूसर दिसतात, आणि ती पाहायची माझी हौस अजून फिटलेली नाही.