पंख माझ्या अंगाचे

मित्रांनो, मी करंगळीएवढी धातूची एक जुनी पुतळी आहे आणि मी रागावलेली आहे. गोड आवाजात माझी कहाणी ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म दातांच्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई दाताच्या टोप्या आणि कवळ्या बनवायची. जेवणाच्या सुट्टीत तिने मला मेणात कोरलं. साचा केला, मेण वितळून काढलं आणि दाढेच्या टोपीतून उरलेला धातू आत ओतला. डोकं, हात आणि पाठीवरचे दोन पंख सगळं एका दमात तयार झालं. पंख नंतर चिकटवलेले नाहीत. हे नीट ऐकून ठेवा, कारण पुढे याच गोष्टीवरून माझा छळ झाला.

मी एका खेळासाठी होते. टेबलावर चौकटींचा नकाशा पसरतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. वीस बाजूंचा फासा पडेल तसं नशीब. माझी बाई पंखवाल्या जमातीतली योद्धी झाली होती आणि नकाशावर तिच्या जागी मी उभी राहायचे. तिची धाकटी बहीण बुटक्यांच्या जमातीतली, तिला काळोखात दिसायचं. शेजारचा बेकरीवाला ड्रॅगनच्या वंशातला, तोंडातून आग काढायचा.

सात वर्षं मी मजेत उडले, मित्रांनो! पूर ओलांडले, किल्ल्यांवरून झेपावले. कोणीही नवीन आलं की मला उचलून म्हणायचं, "काय सुंदर केलीय हो!" आणि बाई लाजून फासे गोळा करायला लागायची. आधी स्वतःचं पात्र सांभाळून सूत्रधारही तीच व्हायची. एक कडक नियम तिनेच घातला होता: ज्याचं पात्र मरेल तो टेबलावरून उठेल आणि ती गोष्ट संपेपर्यंत परत बसणार नाही.

मग धाकटीचं लग्न झालं. नवरा विमा कंपनीत दावे तपासणारा. दावा कुठल्या कलमाखाली नाकारता येईल, हे बघण्यात त्याचा जन्म गेलेला. बाईने हौसेने त्याला सूत्रधाराची खुर्ची दिली. तिथेच चुकलं. निकाल तो द्यायचा आणि माना मात्र वळायच्या बाईकडे. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी नकाशावरून सगळं बघत होते. हा माणूस तिला उठवायची संधी शोधतोय, हे मला कळत होतं. पण पुतळीला विचारतो कोण?

एका रविवारी दुपारी ती संधी त्याला मिळाली. गोष्टीत एक अथांग विहीर होती. मी तिच्यावरून उडत होते, बाकीचे काठाला होते.

"इथे मंत्रबंदी आहे," तपासनीस म्हणाला. "सगळी जादू बंद. जादूची मशाल विझली. मिट्ट काळोख." मग बायकोकडे वळून म्हणाला, "तुला दिसतंय म्हणा." आणि मग, अगदी सहज, "ताई, तुम्ही पडलात."

"पडले कशी? पंख आहेत मला."

"एवढी धिप्पाड बाई, वर चिलखत, आणि तेवढ्याशा पंखांवर उडते? वजन बघा. ही जादूच."

"आणि उजेडाचा कण नसताना हिला दिसतं, ते काय?"

"ते डोळे आहेत."

"अहो जावईबापू, मग हे पंख आहेत!"

बेकरीवाल्याने घाबरून विचारलं, "आणि माझी आग?"

"ती तपासावी लागेल."

"पोट माझं, आतली भट्टी माझी, आणि तपासणार तुम्ही?"

कोणी हसलं नाही. बाई शांतपणे म्हणाली, "हे बघा, एकच कसोटी लावा, पण सगळ्यांना लावा. मंत्र म्हणावा लागतो का? कुणाकडून शिकावं लागतं का? मी पंख घेऊन जन्मले, ही डोळे घेऊन जन्मली. माझी जादू असेल तर हिचीही जादू. मग हीसुद्धा आंधळी झाली पाहिजे."

सगळे धाकटीकडे बघायला लागले. तिने एवढंच म्हणायचं होतं की मग मलाही दिसत नाही. नवऱ्याला निकाल फिरवावाच लागला असता. धाकटी खोडरबराने कागदावर काहीतरी खोडत बसली. तिथे खोडण्यासारखं काहीच नव्हतं.

"नियम यांनाच माहीत गं ताई," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धातूची असून गेली!

"निदान फासा तरी टाकू द्या," बाई म्हणाली.

"तळच नाही तिथे फासा कशाला?" त्याने मला टिचकी मारून आडवं पाडलं. सात वर्षं, आणि एक टिचकी! बाईने आपला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, खुर्ची जागेवर सरकवली आणि ती निघून गेली. मला न्यायचंही तिला भान राहिलं नाही.

पाच महिने मी बिस्किटांच्या डब्यात राक्षसांच्या पुतळ्यांखाली पडून होते. रंग खरवडला, नाक झिजलं. कोणी पुसलं नाही.

मग नवी गोष्ट सुरू झाली आणि तपासनीसाने ऑफिसातल्या साहेबांना खेळायला बोलावलं. साहेबांनी डबा उपसला आणि मलाच उचललं. "ही झकास आहे. मी पंखवाला होणार."

"अरे वा सर, फारच छान निवड!"

तिसऱ्या रविवारी गोष्टीत पुन्हा मंत्रबंदी आली. मी साहेबांच्या वतीने दरीवर होते. साहेब दचकले. "म्हणजे मी पडलो?"

"छे छे सर! पंख काय, अंगाचेच असतात. ते थोडेच बंद पडतात?"

बेकरीवाल्याच्या हातातला फासा हातातच राहिला. धाकटी नवऱ्याकडे बघत होती.

"मग ताई कशी पडली?" तिने विचारलं.

"ती गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

तो पुस्तकाची पानं उलटायला लागला. पुस्तकात काही सापडणार नव्हतं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. धाकटीने सगळ्यांसमोर बहिणीला स्पीकरवर फोन लावला. पलीकडून उचलल्याचा आवाज आला.

"ताई, तुझे पंख जादूचे नव्हते गं," ती म्हणाली.

"ते मला तेव्हाही माहीत होतं," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, काचेच्या कपाटात ठेवा. मला त्यातलं काही नको. माझा धातू दाढेचा आहे, मी टिकेन. तुम्ही एवढंच करा. कुणाच्या अंगचं बळ कोणी खोटं ठरवत असेल, तर तोंड उघडा, आणि ज्याचं बळ तो माणूस अजून टेबलाशी बसलेला असतानाच उघडा. धाकटीने पाच महिने उलटून गेल्यावर उघडलं. ताईची खुर्ची अजून रिकामीच आहे.