गुलनारच्या नवसाची डेग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे, आणि हे सांगताना मला जराही लाज वाटत नाही. वय झालं की काही भांडी तोंड मिटून कोपऱ्यात बसतात. मी त्यांतली नाही. टिचकी मारून बघा, अजून घंटेसारखी खणखणते. माझ्या पोटात साऱ्या गल्लीचं जेवण मावतं आणि मला उचलायचं तर दोन्ही कड्यांना एकेक धट्टंकट्टं माणूस लागतं.

माझा जन्म काशानच्या तांबट बाजारातला. तिथे सकाळपासून एवढी ठोकाठोक चालते की माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. हातोडीचे घाव सोसल्याशिवाय डेगपणही येत नाही. ठोकून ठोकून मला गोल केलं आणि मग उस्ताद रहमत नावाच्या कारागिरानं आतून कल्हई चढवली. ही कल्हई फार महत्त्वाची. ती झिजलेल्या तांब्यात आंबट काही शिजवलं तर ते कळकतं, काठाला हिरवं धरतं आणि खाणारा पोट धरून लोळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इफ्फत खानमच्या लग्नात मी रुखवतात आले. तिचा नवरा नासिर गालिच्यांच्या कारखान्यात कामाला होता. लग्न असो, बारसं असो की कुणाच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस असो, गल्लीत म्हण पडली होती, "नासिरची डेग चढली की कुणी उपाशी राहत नाही." मी ऐकायची आणि फुगायची. फुगायला जागाही होती म्हणा.

त्यांची एकुलती एक मुलगी गुलनार. माणसाचं शरीर आतून कसं चालतं याचं तिला लहानपणापासून वेड. कोंबडी कापली की ती काळीज हातात घेऊन बसायची आणि इफ्फत ओरडायची, "अगं, ते शिजवायचं आहे!" डॉक्टर होणार, हे तिनं ठरवलं होतं. पण आमच्याकडे त्यासाठी कोंकूर नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. सारा देश ती देतो, आणि तिच्यापुढे मोठमोठ्यांची पाचावर धारण बसते.

पहिल्या वर्षी गुलनारचा क्रमांक चांगला आला. क्रमांक म्हणजे प्रवेश नव्हे. क्रमांक आल्यावर हव्या त्या अभ्यासक्रमांची आणि गावांची यादी भरायची, आणि जागा मिळाली की नाही ते पुढे केव्हातरी कळतं. पण इफ्फतला धीर कुठला! मुलगी डॉक्टर झाली तर गल्लीला शोले-जर्द वाटीन असा नवस ती बोलली होती. तिनं त्याच दिवशी मला चुलीवर चढवलं. तांदूळ, केशर, गुलाबपाणी, वर दालचिनीची नक्षी. असा पिवळाधमक गोडवा माझ्या पोटात पुन्हा कधी शिजला नाही. घरोघरी वाट्या गेल्या. नानवाल्यानं गुलनारला रांगेतून पुढे बोलावलं, "या, खानम डॉक्टर, तुमचे नान आधी!"

आणि जागा मिळाली नाही. नवस फेडून झाला आणि मागितलेलं हातात आलंच नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमची गत झाली. इफ्फतनं मला घासलं, तळघरात नेलं आणि भिंतीकडे पालथं घातलं. मला बघितलं की तिला ती वाटलेली शोले-जर्द आठवायची. नानवाला अजूनही "खानम डॉक्टर" म्हणायचा, पण आता रांगेतले लोक हसायचे.

गुलनार मात्र दुसऱ्या वर्षी परत परीक्षेला बसली. काशानच्या उन्हाळ्यात वर कुणाला बसवत नाही, म्हणून ती पुस्तकं घेऊन तळघरात यायची आणि माझ्या बुडावर चहाचा पेला ठेवून मोठ्यानं पाठ करायची. मित्रांनो, हृदयाचे कप्पे किती, पित्त कुठे तयार होतं, तांब्यावर आम्लाचा काय परिणाम होतो, हे सगळं मला तेव्हापासून येतं. परीक्षेला मला बसू देत नाहीत, नाहीतर दाखवलं असतं.

दुसऱ्यांदा क्रमांक घसरला. तिसऱ्यांदा चांगला आला, पण जागा थोडक्यात गेली. त्या दिवशी ती तळघरात आली, माझ्या पाठीला पाठ लावून बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं. परत." आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. मला तिचा एवढा अभिमान वाटला की पालथी नसते तर वाजलेच असते.

चौथ्या खेपेला असा क्रमांक आला की डॉक्टरकीची जागा मिळण्याची खरी आशा होती. पण जवळपासच्या कुठल्याही शहरात नव्हे. मिळाली तर झाबोलमध्ये, पार सरहद्दीपाशी, जिथे उन्हाळाभर वारा वाळू उडवत असतो. यादी भरायची मुदत संपायला थोडेच दिवस होते. दुपारी सगळे थंडाव्याला तळघरात बसले होते, तिथेच वादाला तोंड फुटलं.

"झाबोलचं नाव यादीत नको," इफ्फत म्हणाली. "इथलंच काहीतरी टाक. प्रयोगशाळेचं टाक, सहज मिळेल."

"आई, मला सहज मिळणारं नकोय. मला डॉक्टर व्हायचंय."

"तीन वर्षं मी लोकांपुढे तोंड लपवतेय. आता मुलगीही डोळ्यांआड धाडू? आणि तिथे नाही जमलं तर?"

"मला जमेल."

"कशावरून?"

गुलनारनं वडिलांकडे पाहिलं. नासिर टरबुजाच्या बिया निवडत बसला होता. तो एवढंच म्हणाला, "तुझ्या आईनं हो म्हटलं तर माझं हो." गुलनार कागद उचलून तरातरा बाहेर निघून गेली.

तेवढ्यात नासिरची थोरली बहीण, शौकत आत्या, जिना उतरून आली. तिचा मुलगा कामरान आदल्या दिवशी सैन्यात भरती होऊन गेला होता. माणूस लांबच्या वाटेला लागला की तिसऱ्या दिवशी त्याच्या मागे आश शिजवायची, शेवया आणि पालेभाजीची दाट, आणि शेजारीपाजारी वाटायची, म्हणजे तो सुखरूप परततो, अशी आमच्याकडची रीत. तिची नजर माझ्यावर गेली.

"काय डेग आहे गं वहिनी! अशी आता बघायला मिळत नाही."

"तुमचीच आहे वन्सं, घेऊन जा," इफ्फत म्हणाली. हे म्हणायचं असतं. समोरच्यानं तीनदा "छे छे" म्हणायचं असतं. शौकत आत्या पहिल्याच खेपेला म्हणाली, "बरं, नेते," आणि दोन माणसं हाक मारून आणली. इफ्फतचं तोंड उघडंच राहिलं. पण मी नजरेसमोरून गेले म्हणून तिला थोडं हायसंही वाटलं असावं.

माझ्या पोटातली कल्हई केव्हाच झिजली होती. मी पालथी पडलेली, आत बघणार कोण? कड्या आपटून सांगावं तर तेही माझ्या हातात नाही. आत्यानं मला वरवर विसळलं आणि चुलीवर चढवलं. तिला आश आंबट आवडते. कच्च्या द्राक्षांचा रस तिनं हात सैल सोडून ओतला आणि वाढपाची वेळ होईपर्यंत सगळं माझ्यातच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी बायका वाडगे घेऊन अंगणात जमल्या. शेजारची तूबा खानम नेहमीप्रमाणे सर्वांत आधी आली होती. तिनं पहिला वाडगा संपवलासुद्धा. तळलेला पुदिना आणि कांदा घेऊन इफ्फत आणि गुलनार आल्या, मागोमाग नासिरही आला. गुलनारनं माझ्यात डोकावलं आणि जागीच थांबली. माझ्या काठाला हिरवी कड धरली होती. तिनं पळीचं टोक जिभेला लावलं आणि थुंकली.

"आत्या, वाढू नका. आश कळकली आहे."

"काय?"

"कल्हई गेलीये हिची. आंबटानं तांबं उतरलंय. कुणी खाऊ नका, मुलांना मागे घ्या!"

शौकत आत्याची पळी हवेतच राहिली. "तीन-तीनदा परीक्षेत आपटलीस आणि मला स्वयंपाक शिकवतेस? ही आश माझ्या लेकाच्या नावाची आहे. तो वाटेवर आहे. ती मातीत ओतली तर तो परत येईल का?"

वाटेवरच्या माणसाची आश फेकायची, एवढा अपशकुन आमच्याकडे कुणी मनातही आणत नाही. बायकांनी वाडगे पदराआड घेतले, पण मागे कुणी सरकेना.

गुलनारचा आवाज चढला नाही. "तो परत यावा म्हणूनच सांगतेय, आत्या. तो येईल तेव्हा त्याला गल्ली धडधाकट सापडायला हवी."

एवढ्यात तूबा खानम पोट धरून भिंतीशी बसली आणि तिला भडाभडा उलटी झाली. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायका ओरडल्या, कुणी गुलाबपाणी आणा म्हणालं, कुणी दृष्ट काढा म्हणालं. गुलनार तिच्याजवळ बसली. तिनं तिला कुशीवर वळवलं, तोंड धुवून दिलं, नाडी धरली, किती खाल्लं ते विचारलं. "बाबा, गाडी काढा. दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा, तांब्याच्या भांड्यातलं आंबट पोटात गेलंय. हेच शब्द सांगा." तिनं बोटानं खुणावलं तसा नासिर पळाला. जाताना तूबा खानमनं तिचा हात सोडला नाही. "खानम डॉक्टर, तू पण चल," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच या शब्दांवर कुणी हसलं नाही.

"येते, एवढं उरकून लगेच," गुलनार म्हणाली आणि माझ्या एका कडीला हात घातला. दुसऱ्या कडीला कोण हात लावणार? शौकत आत्या डोळ्याला पदर लावून उभी होती. इफ्फत पुढे आली. तिनं कडी धरली. मायलेकींनी मला उचललं आणि सगळी आश मातीत ओतली.

तूबा खानम संध्याकाळी घरी आली आणि आल्या आल्या चहा मागितला. मलाही परत आमच्या अंगणात आणून टाकलं. गुलनार कट्ट्यावर कागद घेऊन बसली होती. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. इफ्फत तिच्या शेजारी येऊन बसली.

"झाबोल लिही. पहिल्या ओळीत."

"आई?"

"कुणी पुढे येईना, तेव्हा कडीला पहिला हात तू घातलास. मी विचारलं होतं ना, कशावरून जमेल? मिळालं मला उत्तर." मग तिला रडू फुटलं. "वारा फार आहे म्हणे तिथे. डोक्याला नीट बांधत जा."

सकाळी यादी गेली, आणि गुलनार मला घेऊन बाजारात गेली. उस्ताद रहमत आता बराच म्हातारा झालाय. तो वाळू टाकून माझ्या आत उभा राहिला आणि दोन्ही पायांनी गरागरा फिरत त्यानं मला आतून घासलं. मग विस्तव, नवसागर, कथील आणि कापसाचा बोळा. आग सोसली नसती तर कल्हई धरली नसती.

"किती वेळा कल्हई करावी लागते हो हिला?" गुलनारनं विचारलं.

"जाईल तितक्या वेळा," तो म्हणाला. "पत्रा जाड आहे. पातळ असती तर मीच म्हटलं असतं, मोडीत घाल."

गुलनार हसली. आम्ही दोघी जाड पत्र्याच्या, मित्रांनो.

पुढे काही आठवड्यांनी निकाल लागला. डॉक्टरकी, झाबोल. नानवाल्यानं त्या दिवशी गल्लीला नान फुकट वाटले. शौकत आत्या धावत आली, "वहिनी, चढव डेग! शोले-जर्द होऊन जाऊ दे!"

"गप्प बसा वन्सं," इफ्फत म्हणाली. "ती वर्गात जाऊन बसेपर्यंत मी काडीसुद्धा ओढणार नाही."

"आणि शोले-जर्द तीन वर्षांपूर्वीच खाल्लीत तुम्ही," गुलनार म्हणाली. "आता माझ्या मागे आश करा."

ती निघाली तेव्हा इफ्फतनं तिला कुराणाखालून काढलं आणि तिच्या पाठीमागे तांब्याभर पाणी शिंपडलं. आणि तिसऱ्या दिवशी मी चुलीवर चढले. पळी शौकत आत्याच्या हातात होती. पाणी ओतण्याआधी तिनं माझ्यात डोकं घालून नीट निरखलं. कल्हईत तिला स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. पहिला वाडगा तिनं स्वतः खाल्ला. घटकाभर सगळ्या तिच्याकडे बघत बसल्या, मग दुसरा वाडगा तूबा खानमनं पुढे केला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं भांडं पालथं पडलं असेल. त्याला उताणं करा, आत बघा, कल्हई गेली असेल तर परत करून घ्या. आणि घरात कुणी पुन्हा परीक्षेला बसत असेल तर आधीच गोड वाटू नका आणि त्याला पालथंही घालू नका. चहाचा पेला तेवढा नेऊन द्या.

वाडगे भरत होते तेव्हा फोन वाजला. इफ्फतनं तो माझ्या काठाजवळ धरला. पलीकडे वारा घोंगावत होता. "पहिला तास झाला, आई!" गुलनार ओरडून सांगत होती.

"आई, ऐकतेस ना? वाढण्याआधी आत बघितलंस ना?"