‘येतो’ म्हणून निघताना

पुंडलिकच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीच्या सुमारास आलं होतं. संक्रांत झाली की तो पुसदचं घर सोडून मुलीकडे, सुरभीकडे, नागपूरला कायमचा राहायला जाणार होता. ‘त्याआधी दोन दिवस येऊन जा,’ त्यानं लिहिलं होतं. ‘फोन करू नको, मले ऐकू येत नाही. लिही. पण या वेळेस पाहू असं लिहू नको. येतो म्हण, नाहीतर येत नाही म्हण.’

‘पाहू’ हा माझा आयुष्यभराचा शब्द. कोणी लग्नाला बोलावलं की ‘पाहू ना’ म्हणायचं. बोलावणाऱ्याला कळतं की हा येणार नाही, आणि कोणाचं मन दुखत नाही. मी इथे दिग्रसला वाचनालयात ग्रंथपाल होतो. तिथं बोलावं कमी लागायचं, म्हणून ती नोकरी मला मानवली. माझं गप्प बसणं चालायचं ते एका पुंडलिकला, माझ्या जुन्या मित्राला. तो नागपूरला गेला की मी तिथवर जाणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

तरी उत्तर लिहवेना. निवृत्तीनंतर मी मनाच्या सवयींवरची पुस्तकं बरीच वाचली आहेत. अंगी किती उतरली, ते विचारू नये. एका पुस्तकात होतं, जे करायचं ते आधी डोळ्यांसमोर आणा. हे मात्र मला जमलं. जरा जास्तच जमलं.

दुपारी मी बसस्टँडबाहेर बिजलीबाईच्या चहाच्या टपरीवर बसतो. या दिवसांत जिनिंग कारखान्याकडून कापसाचे तंतू उडत येतात, चष्म्यावर बसतात, आणि समोरचं सगळं मऊ दिसू लागतं. पुसदची गाडी लागली की मी मनातल्या मनात खिडकीशी जाऊन बसायचो. शेतं मागे जायची, तूर पिवळी व्हायची. पुंडलिक अंगणात पाठमोरा बसलेला असायचा. हाक ऐकू जायची नाही, म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचो. ‘आला काय,’ तो वळूनही न पाहता म्हणायचा. मग आम्ही निंबाखाली बसायचो. ऊन त्याच्या गुडघ्यावरून माझ्या गुडघ्यावर यायचं. बस्स, एवढंच. भानावर यायचो तेव्हा गाडी गेलेली असायची आणि चहावर साय धरलेली असायची.

टपऱ्यांवर तिळाचे लाडू दिसू लागले, तेव्हाची गोष्ट. बिजलीबाई म्हणाली, “काहून काकाजी, एकटेच हासून राह्यले?”

“पुंडलिकच्या अंगणातला निंब,” मी म्हणालो. “सावली अजून दाट आहे त्याची.”

“पुसदले गेलते काय?”

“हो,” मी बोलून गेलो.

“कधी गेलते? रोज तं इथंच बसून राह्यता. गाडी जाते, तुमी राहता.”

शेजारी पुसदच्या गाडीचा कंडक्टर बाबुलाल बशीत चहा ओतत होता. “तिकीट तं मी फाडतो,” तो म्हणाला, “मले नाही दिसले. बिनतिकीट गेले असतीन काकाजी.”

दोघं हसले, मीही हसलो. पण हसता हसता लक्षात आलं. पोचल्याचं समाधान मनानं आधीच घेऊन टाकलं होतं, मग पत्राची घाई त्याला कशाला असणार? आणि तिकडे पुसदला, खऱ्या अंगणात, पुंडलिकच्या खांद्यावर कोणी हात ठेवला नव्हता.

मी उठलो. “येतो,” म्हणालो, नेहमीसारखं.

“या,” बिजलीबाई म्हणाली. मग ग्लास विसळता विसळता पुढे म्हणाली, “तुमचं येतो खरं असते बाप्पा. बाकीचे येतो म्हणतात आन् महिना महिना दिसत नाहीत.”

मी तिथेच थांबलो. निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. विचार न करता मी तो शब्द रोज उच्चारत होतो, आणि तो रोज खरा होत होता. मला वाटायचं, माझ्या तोंडी फक्त ‘पाहू’च आहे. नवी गोष्ट जुन्या सवयीला बांधावी, असंही कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. ते पुस्तक मी अर्ध्यातच सोडलं होतं.

पत्ता घातलेलं पोस्टकार्ड पिशवीतल्या पुस्तकात खूण म्हणून पडून होतं. टपरीच्या फळीवर ठेवून लिहिलं : ‘सोमवारी येतो. शाम.’ खाली ‘तब्येत बरी असली तर’ असं लिहावंसं वाटलं. पेन तिथेच थांबलं.

“आता काय लिहून राह्यले?” बिजलीबाईनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “झालं.”

“सोमवारी माहीच ड्युटी हाय,” बाबुलाल वाकून कार्ड वाचत म्हणाला. “तिकीट काढजा पण.”

स्टँडच्या फाटकाजवळ टपालपेटी आहे. तिच्या तोंडाशी कापसाचा एक तंतू अडकून हलत होता. मी कार्ड आत सरकवलं, क्षणभर धरून ठेवलं आणि सोडलं. ते तळाशी पडल्याचा बारीकसा आवाज झाला.