लाल तोंडाचा जावई

आमचा जावई शनिवारवाल्या मंडळीत, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या, सुपारी-दारू-डुक्कर वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेला, समुद्रात बाप्तिस्मा घेऊन आला आणि माणूसच बदलला, असं गावभर झालं. मी बाजारात झाडाखाली ओली सुपारी विकते. माल वरून कितीही गुळगुळीत दिसो, नख टोचून बघितल्याशिवाय घेत नाही. मग जावयाला का सोडू?

आमच्या किनाऱ्यावर सासू जावयाचं नाव घेत नाही, म्हणून मी जावईच म्हणते. शेजारी बसणारी लेस्सी त्याला गिबसन म्हणते, तेही दात खाऊन. सुपारी, बिअर, पत्ते हे तर पुष्कळजण करतात. हा खोटं बोलायचा. कोकोची पोती भिजली, गाडी बंद पडली, काका वारला. त्याचा एकच काका दोनदा वारला आणि दोन्ही वेळा मी दुखवट्याला तारोचे कंद पाठवले. शेवटी माझी तबिता लेकराला काखेत घेऊन माहेरी आली.

आता तो तिला न्यायला आला होता. धुतलेला सदरा, हातात पपई.

"सोडलंत म्हणे सगळं, जावईबापू?"

"सोडलं असं नाही म्हणत, आई. सोडणारा दिवसभर त्याचाच विचार करत बसतो. मी आता ख्रिस्ताचा माणूस आहे. त्या माणसाचं हे काम नव्हे, एवढंच."

"वा! म्हणजे खाल्लं जुन्याने, आणि ढेकर द्यायला नवा तयार नाही!"

लेस्सी खो खो हसली. "डुक्करही खात नाही म्हणे. सोयरिकीच्या जेवणात याला काय, नुसता पाला वाढायचा?"

तोही हसला, पण ओठ मिटून. मला ते खटकलं. सुपारीवाली आधी हिरड्या बघते.

तबिता शेजारी पपई कापत होती. तो गेल्यावर हळूच म्हणाली, "आई, जाऊ का गं?"

"थांब. नव्या होडीत पाणी शिरतं का ते बघू दे आधी."

मग मी पारख सुरू केली. तो बाजारात आला की सुपारीचा सगळ्यात रसरशीत घड त्याच्यापुढे ठेवून पाणी आणायला जायची, पहाऱ्याला लेस्सी. तो घडाकडे बघायचा नाही, माशा वारत बसायचा. त्याने माझा संशय कमी झाला नाही, वाढला. चुळबुळ केली असती तर समजलं असतं.

अशात काका खरंच वारला. दुखवट्याच्या मांडवात माणसं बसली, सुपारी फिरली. दुपारी लेस्सी धापा टाकत आली.

"खाल्ली! पाठ फिरवून खाल्ली, या डोळ्यांनी पाहिलं. घे तुझा नवा माणूस!"

खरं सांगते, मला बरं वाटलं. तबिताचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "आता बघच. लिंबाने नि नारळाच्या शेंडीने दात घासून येईल आणि म्हणेल, काकासाठी रडत होतो."

तो आला तो भर बाजारात. ओठांपासून हनुवटीपर्यंत लाल.

"खाल्ली, आई."

"कुणी कोंबली तोंडात?"

"कुणी नाही. पुढे केली, मी घेतली. सगळ्यांत नको म्हणायची लाज वाटली."

"मग ख्रिस्ताचा माणूस गेला वाटतं परत समुद्रात?"

"नाही. त्याचाच आहे. म्हणून तर असाच आलो." तो लेस्सीकडे वळला. "आणखी एक आहे. आमच्या घराचे पत्रे यालामने नेले नव्हते. मीच विकले. पत्त्यांसाठी."

यालाम म्हणजे लेस्सीचा भाऊ. त्या चोरीसाठी पंचांनी त्याला डुकराचा दंड केला होता, आणि त्या डुकराचं मांस मीही खाल्लं होतं. जावयाच्या खोट्यांचा सगळा हिशेब मला तोंडपाठ. पण हे खोटं त्यात नव्हतंच. हे मला खरं वाटलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी पकडलं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर जन्मभर खपून गेलं असतं.

लेस्सीने टोपली उचलून त्याच्या डोक्यात घातली. सुपाऱ्या रस्ताभर. "मेल्या, माझा भाऊ मान खाली घालून फिरतोय आजवर!" त्याने डोकं वाचवायलाही हात वर केला नाही.

तबिता माझ्याकडे बघत होती.

"इथे सांगून भागत नाही, जावईबापू," मी म्हटलं. "यालामच्या दारात जा. त्याच्या तोंडावर सांगा. आणि डुक्कर भरून द्या त्याचं, स्वतः खात नसलात तरी."

"जातो."

गेला. मी सुपारी तशीच टाकून मागोमाग निघाले. 'जातो' म्हणून हा वाटेत कुठे कुठे वळायचा ते मला माहीत होतं. वळला नाही. झाडाआडून पाहिलं तर यालाम खांबांवरच्या घराच्या शिडीवर उभा, हातात कोयता. हा खाली चिखलात बसलेला. शब्द नीट ऐकू आले नाहीत. यालाम बराच वेळ ओरडला, मग कोयता शिडीच्या लाकडात रोवून आत गेला आणि दार लावून घेतलं. हा बसूनच राहिला.

घरी येऊन मी तबिताला म्हटलं, "कपडे भर."

"म्हणजे तुझा विश्वास बसला?"

"कोण म्हणालं? लेकराला ने. मोठं पातेलं मात्र इथेच राहू दे. आणि मी येत जाईन अधूनमधून. न सांगता."